खातेउताऱ्यावरचा शिक्का : कोणाचा आणि कशासाठी?



आपल्या गुंगालिन परिसरात एखादं नवीन मराठी कुटुंब राहायला आलं, की पहिल्या दोन-तीन भेटींतले प्रश्न ठरलेले असतात. ज्वारीचं पीठ कुठे मिळतं? मुलांचं मराठी टिकवायचं कसं? आणि मग जरा दबक्या आवाजात तिसरा प्रश्न, "अहो, बँकेचं स्टेटमेंट सर्टिफाय करून मागितलंय. म्हणजे नक्की काय करायचं?"

मंडळात कागदपत्रांच्या बाबतीत एकमेकांना मदत करणारे आम्ही काही जण आहोत. आमच्यापैकी कोणी वकील नाही आणि नोंदणीकृत मायग्रेशन एजंटही नाही. त्यामुळे व्हिसा मिळेल की नाही, अर्ज कोणता करावा, असला सल्ला आम्ही देत नाही. तो देण्याचा अधिकारच आम्हाला नाही. पण कागद कसा गोळा करावा, कोणाकडे जावं आणि कुठे फसगत होते, हे ठेचा खाऊन शिकलो आहोत. तेच या लेखात सांगणार आहोत.

सुरुवात एका खऱ्या अनुभवापासून करू. काही वर्षांपूर्वी हॅरिसनमधल्या एका जोडप्याकडे पहिलं बाळ यायचं होतं. मुलीची आई कराडजवळच्या गावाहून बाळंतपणाला येणार होती. व्हिसाचा अर्ज वेळेत भरला होता. आईंचे पैसे एका सहकारी बँकेत आणि गावातल्या पतसंस्थेत. जावईबापूंनी फोनवर सांगितलं, "स्टेटमेंट पाठवा." तिकडून पासबुकाच्या पाच पानांचे फोटो आले. एका फोटोत निम्म्या आकड्यांवर अंगठा, आणि नाव असलेलं पहिलं पान गायबच! पतसंस्थेचं पासबुक मराठीत. त्यातच "शिल्लक कमी दिसते" म्हणून मामांनी मोठ्या मनाने आदल्या आठवड्यात खात्यात सहा लाख रुपये भरून टाकले होते.

व्हिसाच्या कचेरीने साहजिकच विचारलं की हे खातं कोणाचं, आणि एवढे पैसे अचानक आले कुठून? मग जी धावपळ झाली ती विचारू नका. शाखेत साहेब रजेवर, मध्येच चौथा शनिवार, आणि शेवटी शिक्क्याचा उतारा हातात आला तर त्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं. आई कॅनबेराला पोचल्या तेव्हा बाळ पाच आठवड्यांचं झालं होतं. बाराव्या दिवशीचं बारसं थांबवून ठेवलं होतं. पाळण्याची दोरी आजीच्या हातात आली तेव्हाच ते झालं.

यात कोणाचीही लबाडी नव्हती. पैसे होते, माणसं सरळ होती. पण परक्या देशातल्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याला माणूस दिसत नाही, फक्त कागद दिसतो. आपण घरात म्हणतो, हातच्या काकणाला आरसा कशाला. इथे मात्र काकण हजारो मैलांवर असतं आणि समोर असतो तो फक्त आरसा. तो स्वच्छ असायलाच हवा.

आधी शब्द समजून घेऊ

आपण सरसकट "स्टेटमेंट" म्हणतो, पण बँकेकडून मिळणारे कागद निरनिराळे असतात.

खातेउतारा म्हणजे ठरावीक काळातल्या सगळ्या जमा-खर्चाच्या नोंदी. हेच ते स्टेटमेंट.

शिल्लक दाखला, म्हणजे बॅलन्स सर्टिफिकेट, हा बहुधा एका पानाचा असतो. अमुक तारखेला खात्यात इतकी रक्कम होती, एवढंच तो सांगतो. आधीचा व्यवहार त्यातून कळत नाही.

पासबुक ही खातेदाराच्या सोयीची वही. ती खरी असते, पण तिच्या प्रत्येक पानावर अधिकाऱ्याची सही-शिक्का नसतो.

ऐपतीचा दाखला, म्हणजे सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट, ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. शाखेत "व्हिसासाठी काहीतरी सर्टिफिकेट द्या" असं मोघम सांगितलं तर कधी कधी हेच हातात पडतं. म्हणून काय हवं ते नाव घेऊन सांगा.

"प्रमाणित" या शब्दाचं तर विचारूच नका. आपल्या पिढीतल्या अनेकांनी दहावी-बारावीच्या मार्कशीटची "ट्रू कॉपी" करून घ्यायला गॅझेटेड अधिकाऱ्याच्या दारात ताटकळत घालवलेली दुपार आठवत असेल. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं आहे की शिक्का म्हणजे शिक्का, कोणाचाही असो. गैरसमज नेमका इथेच होतो.

तीन शिक्के, तीन साक्षी

खातेउताऱ्यावर तीन प्रकारचे शिक्के पडू शकतात आणि प्रत्येक शिक्का वेगळ्या गोष्टीची साक्ष देतो.

पहिला, खुद्द बँकेचा. बँक म्हणते, "या नोंदी आमच्या वहीतल्या आहेत." भारतात याला कायद्याचा जुना आधार आहे, १८९१ सालचा बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट. त्या काळी हिशोब जाडजूड बांधीव लेजरमध्ये असत. प्रत्येक खटल्यासाठी ती चोपडी कोर्टात नेली तर बँकेचं काम कसं चालायचं? म्हणून कायद्याने तोड काढली. नोंदीची नक्कल करायची आणि तिच्या तळाशी दाखला लिहायचा की ही खरी नक्कल आहे, नोंद बँकेच्या नेहमीच्या वहीत नेहमीच्या कामकाजात झालेली आहे आणि ती वही अजून बँकेच्या ताब्यात आहे. खाली तारीख, आणि व्यवस्थापकाची किंवा मुख्य हिशोबनिसाची नाव-हुद्द्यासह सही. अशी नक्कल कोर्टात मूळ नोंदीसारखी पुराव्यात घेतली जाते. पुढे बँकांत कॉम्प्युटर आले, लेजर गेली. तेव्हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या जुन्या कायद्यात भर घातली आणि कॉम्प्युटरच्या छापील प्रतीसोबत कोणता दाखला द्यायचा तेही ठरवून दिलं. आज शाखेतले साहेब उताऱ्यावर जो गोल शिक्का मारतात, त्याच्या मागे अशी सव्वाशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे.

दुसरा शिक्का साक्षीदाराचा. नोटरी, जस्टिस ऑफ द पीस (आपण ज्यांना जेपी म्हणतो ते), किंवा इथल्या नियमांत बसणारा दुसरा कोणी. हा माणूस म्हणतो, "मी मूळ कागद पाहिला. ही झेरॉक्स त्याच्याशी जुळते." खात्यात पैसे आहेत की नाहीत, याबद्दल तो काहीही म्हणत नाही.

तिसरा शिक्का सरकारचा, ज्याला अपोस्टिल म्हणतात. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून ही पद्धत आली. ऑस्ट्रेलियात हा करार १९९५ पासून आणि भारतात २००५ पासून लागू आहे. इथे अपोस्टिल देतं परराष्ट्र खातं, म्हणजे डीफॅट. भारतात परराष्ट्र मंत्रालय. हा शिक्का फक्त एवढंच म्हणतो, "ज्या नोटरीने किंवा अधिकाऱ्याने सही केली आहे, ती सही आणि तो शिक्का खरा आहे." कागदातल्या मजकुराची हमी अपोस्टिल देत नाही.

बघा, प्रत्येक शिक्का फक्त आपल्या आधीच्या पायरीची साक्ष देतो. पहिली पायरीच नसेल तर वरच्या दोन पायऱ्यांवर केलेला खर्च पाण्यात. म्हणून आमचा पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा सल्ला असा : बँकेत जाण्याआधी, ज्याने कागद मागितला त्यालाच विचारा. "तुम्हाला बँकेचा शिक्का हवा की नोटरीचा? अपोस्टिल लागेल का? किती महिन्यांचा उतारा? मूळ कागद की स्कॅन?" हे चार प्रश्न लेखी, ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तिकडचा उतारा इकडे : आई-बाबांचा व्हिसा

आपल्याकडची सगळ्यांत नेहमीची गरज ही. आई-बाबा पर्यटक व्हिसावर (सबक्लास ६००) येणार असतील तर त्यांच्याकडे मुक्कामापुरते पैसे आहेत किंवा त्यांचा खर्च करणारा कोणी आहे, हे दाखवावं लागतं. अर्ज ऑनलाइन भरतात, त्यामुळे मूळ कागद टपालाने पाठवण्याचा प्रश्न सहसा येत नाही. स्वच्छ, रंगीत स्कॅन लागतं. नोटरी, अपोस्टिल वगैरे कोणी मागितलेलं नसताना त्यावर पैसे घालवू नका. पण बँकेने सही-शिक्का दिलेला उतारा असला की निम्म्या शंका उगवण्याआधीच मिटतात. आम्ही सगळ्यांना मागचे सहा महिने घ्यायला सांगतो.

शाखेतून निघण्यापूर्वी आई-बाबांनी काउंटरवरच पुढच्या गोष्टी तपासाव्यात :

१. नाव. पासपोर्टवर आहे तसंच आहे का? आपल्याकडे खातं "सौ." लावून, नवऱ्याचं नाव मध्ये घालून, किंवा नुसत्या आद्याक्षरांवर उघडलेलं असतं. कधी माहेरचंच नाव चालू असतं. फरक असेल तर खात्यावरचं नाव आधी दुरुस्त करून घ्या. वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला सोबत जोडा.

२. खाते क्रमांक, शाखेचं नाव, पत्ता आणि आयएफएससी क्रमांक.

३. उताऱ्याचा कालावधी आणि उतारा काढल्याची तारीख.

४. प्रत्येक पानावर गोल शिक्का आणि सही. फक्त शेवटच्या पानावर नको.

५. सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा वाचता येतो का? नुसता फराटा असेल तर चौकशी करणाऱ्याने फोन करायचा कोणाला?

६. शाखेचा चालू असलेला फोन नंबर आणि ईमेल.

आता मामांच्या सहा लाखांची गोष्ट. प्रेमाने मदत करण्यात काहीच गैर नाही. पण "दाखवायला" म्हणून रातोरात भरलेली आणि व्हिसा झाल्यावर परत जाणारी रक्कम कोणाच्याही डोळ्यांवर येते. खरोखरच भेट असेल तर मामांचं तसं पत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडावा. शेतमालाची पट्टी, मुदत ठेव मोडल्याची पावती, एलआयसीचे पैसे, जे काही कारण असेल त्याचा कागद लावावा. खर्च तुम्हीच करणार असाल तर मुळात आईंच्या खात्यात रक्कम फुगवायची गरजच काय? तसं साधं पत्र लिहा आणि स्वतःचा इथला खातेउतारा व पगाराच्या स्लिपा जोडा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

आकडे बदलणं, पान गाळणं, एजंटकडून "तयार" स्टेटमेंट घेणं, या वाटेला तर कोणी जाऊच नये. खोटा कागद आढळला तर ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा नियमांप्रमाणे (जाणकार ज्याला ४०२० म्हणतात तो नियम) अर्ज तर फेटाळला जातोच, शिवाय पुढची तीन वर्षं बहुतेक व्हिसांची दारं बंद होऊ शकतात. आणि "कागद एजंटने दिला, मला माहीत नव्हतं" ही सबब सहज चालत नाही.

पतसंस्थेबद्दल दोन शब्द. पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था असते. तिथले पैसे खरे असले तरी इथल्या अधिकाऱ्याला ते नाव अनोळखी असतं. पतसंस्थेच्या लेटरहेडवर सचिवांच्या सहीचा शिल्लक दाखला इंग्रजीत मागा. सोबत चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला असला तर उत्तम. २०१९ पासून सीएंच्या अशा दाखल्यांवर अठरा अंकी यूडीआयएन क्रमांक असावा लागतो, आणि तो ऑनलाइन तपासता येतो. मराठी पासबुकाचं भाषांतर मात्र हवंच. ते ऑस्ट्रेलियात केलं तर नाटीची मान्यता असलेल्या भाषांतरकाराकडून. भारतात केलं तर भाषांतर करणाऱ्याने आपलं पूर्ण नाव, पत्ता, फोन, आणि भाषेतली पात्रता व अनुभव त्यावर लिहायचा असतो. हे चार तपशील राहिले की भाषांतर परत येतं.

शाखेत द्यायचा अर्ज

अर्ज खातेदारानेच करायचा. मुलगा किंवा मुलगी कॅनबेराहून फोन करून मागेल तर बँक देणार नाही, आणि न देणंच बरोबर आहे. आई-बाबांना जाणं शक्य नसेल तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र घेऊन जवळच्या माणसाला पाठवता येईल का, ते शाखेला आधी विचारावं. पुढचा नमुना उतरवून घ्या :

"मा. शाखा व्यवस्थापक यांस,
विषय : खातेउतारा प्रमाणित करून मिळणेबाबत.
महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. ____ आहे. मला परदेश प्रवासाच्या व्हिसासाठी दि. ____ ते दि. ____ या कालावधीचा खातेउतारा इंग्रजीत हवा आहे. कृपया प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का व अधिकाऱ्याची नाव आणि हुद्द्यासह सही मिळावी. तसेच आजअखेरचा शिल्लक दाखला मिळावा. त्यासाठी लागणारे शुल्क माझ्या खात्यातून वजा करण्यास माझी संमती आहे. सोबत पासपोर्टची प्रत जोडली आहे.
आपला/आपली विश्वासू,"

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. सरकारी काम अन् सहा महिने थांब असं आपण म्हणतो खरं, पण पोच हातात असली की ते सहा महिने पुष्कळ कमी होतात!

वेळेचं गणितही लक्षात ठेवा. तिकडे सकाळी दहाला शाखा उघडते तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे अडीच आणि उन्हाळी वेळेत साडेतीन वाजलेले असतात. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. मार्चअखेर तर कोणत्याही साहेबांकडून प्रमाणित उताऱ्याची अपेक्षाच करू नका.

इकडचा उतारा तिकडे

आता उलटी दिशा. भारतात एनआरई-एनआरओ खातं उघडायचं, घरासाठी कर्ज काढायचं, किंवा जुन्या खात्याचं केवायसी करायचं, की तिकडची बँक आपला इथला खातेउतारा मागते. कधी उत्पन्नासाठी, कधी पत्त्यासाठी.

आमच्यातल्या एका सभासदांची गोष्ट. वडिलांचं कोल्हापुरात ऑपरेशन ठरलं. पैसे यांच्याच भारतातल्या खात्यात होते, पण केवायसी रखडल्यामुळे खातं अडकलेलं. यांनी घाईघाईने नेटबँकिंगवरून इथल्या बँकेचा उतारा छापला, ओळखीच्या जेपींकडून सही-शिक्का घेतला आणि कुरिअर केलं. दहा दिवसांनी तिकडून उत्तर आलं, "जेपीची सही चालत नाही." ऑपरेशनचे पैसे अखेर चुलतभावाने भरले.

जेपींची काही चूक नव्हती, आणि तिकडच्या शाखेचीही नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत परदेशस्थ खातेदारांचे कागद कोणी प्रमाणित करायचे याची यादीच आहे : भारतीय बँकांच्या परदेशी शाखांचे अधिकृत अधिकारी, भारतीय बँकांशी संबंध असलेल्या परदेशी बँकांच्या शाखा, परदेशातले नोटरी पब्लिक, कोर्टाचे मॅजिस्ट्रेट, न्यायाधीश, आणि भारतीय वकिलात. जेपी त्या यादीत नाही. फार्मसिस्ट नाही, शिक्षक नाही.

इथल्या कामांसाठी मात्र हीच माणसं चालतात. ऑस्ट्रेलियाच्या १९५९ च्या स्टॅट्युटरी डिक्लरेशन्स कायद्याखाली साक्षीदारांची जी लांबलचक यादी आहे, तीत जेपी, फार्मसिस्ट, वकील, पोलीस, पूर्ण वेळ शिक्षक आणि सलग पाच वर्षं नोकरी झालेला बँक अधिकारी हे सगळे येतात. कागदाची खरी प्रत करून घेतानाही बहुतेक संस्था हीच यादी धरतात. पण ती यादी इथली. कागद कुठे जाणार, त्यावर शिक्का कोणाचा ते ठरतं.

आणखी एक अडचण. जेपी किंवा नोटरी "मूळ कागद दाखवा" म्हणतात. घरी छापलेली पीडीएफ मूळ कागद कशी होईल? तिचं मूळ तर बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये आहे! म्हणून आम्ही सुचवतो तो क्रम असा :

पहिली पायरी, बँकेची शाखा. ओळखपत्र आणि कार्ड घेऊन जा आणि उतारा तिथेच छापून त्यावर शाखेचा शिक्का, तारीख व सही मागा. प्रत्येक शाखा देईलच असं नाही, शुल्कही लागू शकतं. म्हणून आधी फोन करा. शाखा नसलेल्या ऑनलाइन बँकेत खातं असेल तर त्यांच्याकडून लेटरहेडवरचं पत्र किंवा टपालाने छापील उतारा मागवा.

दुसरी पायरी, नोटरी पब्लिक. ऑस्ट्रेलियातले नोटरी हे अनुभवी वकील असतात आणि त्यांची फी भारतातल्या कोर्टाबाहेरच्या नोटरीसारखी नसते, बरीच जास्त असते. किती पानं, किती प्रती, हे सांगून आकडा आधीच विचारा. २०१९ पासून गुंगालिनहून थेट ट्राम असल्यामुळे सिटीतल्या नोटरीकडे जायला गाडी आणि पार्किंगची कटकट उरलेली नाही. जेपी मात्र स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. इथल्या कामासाठी आधी त्यांच्याकडेच जा.

तिसरी पायरी, मागितलं असेल तरच अपोस्टिल. खातेउतारा हा सरकारी नव्हे, खासगी कागद आहे. त्यामुळे डीफॅट त्यावर थेट अपोस्टिल लावत नाही. आधी नोटरी लागतोच.

नोटरीऐवजी भारतीय वकिलातीचा शिक्का मागितला असेल तर आपण कॅनबेराकर नशीबवान. भारताचं उच्चायुक्तालय यारालुमलात, आपल्या गावातच आहे. मात्र अर्ज कोणत्या केंद्रात द्यायचा आणि अपॉइंटमेंट कशी घ्यायची, हे त्यांच्या संकेतस्थळावर त्या आठवड्यात बघूनच निघा. ही व्यवस्था बदलत असते.

पीडीएफचं काय?

आता बऱ्याच बँका डिजिटल सही असलेली पीडीएफ देतात. भारतात २००० च्या कायद्याने अशा सहीला मान्यता आहे. पण ती सही फाइलमध्ये असते, कागदावर नाही. फाइल छापली, किंवा पासवर्ड काढायला म्हणून पुन्हा "प्रिंट टू पीडीएफ" केली, की सही गेली. उरतं ते नुसतं चित्र. त्यामुळे मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा आणि पासवर्ड वेगळ्या संदेशातून कळवा. सहीजवळ पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका. बहुधा तुमच्या कॉम्प्युटरने ती सही अजून तपासलेली नसते, एवढंच.

आणि हो, खातेउताऱ्यात तुमचं सगळं आयुष्य असतं. पगार, डॉक्टर, शाळा, किराणा. तो मित्रमंडळींच्या ग्रुपवर "हे बरोबर आहे का बघा" म्हणून टाकू नका. ज्याला दाखवायचा त्यालाच दाखवा.

देणगीदारांसाठी थोडंसं

ही पुस्तिका मदतनिधीची आहे, म्हणून जाता जाता देणाऱ्या हातांसाठीही हाच नियम सांगतो. महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेला इथून मदत पाठवताना शिक्क्याचं पत्र आलं म्हणून लगेच पैसे पाठवू नका. ते पत्र कोणी दिलं आणि ते कशाची साक्ष देतं, हे तिथेही विचारा. भारतात परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि १ एप्रिल २०२१ पासून असा निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पण आपल्यातल्या ज्यांनी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांची देणगी परदेशीच धरली जाते, ओसीआय कार्ड असलं तरी. त्यांना दुसऱ्याच कुठल्या शाखेचा खाते क्रमांक दिला गेला तर दोनदा विचारा.

आपल्या मंडळालाही हेच लागू. वार्षिक सभेत खजिनदार हिशोब वाचतात तेव्हा बँकेचा उतारा बघायला मागण्यात संकोच कसला? उलट त्यांना बरंच वाटेल. विश्वास आहे म्हणून कागद नको, असं नाही. कागद चोख असतो म्हणूनच पुढच्या वर्षीही विश्वास राहतो.

शेवटी

लेख लांबला, पण सार एवढंच. कागद मागणाऱ्याला आधी विचारा. शिक्का कोणाचा आणि तो कशाची साक्ष देतो, ते समजून घ्या. पहिली पायरी नेहमी बँक. आणि आई-बाबांचं तिकीट काढण्याआधी नव्हे, तर यायचं ठरलं त्याच आठवड्यात त्यांच्या खात्यावरचं नाव पासपोर्टशी पडताळून बघा. वरातीमागून घोडं नको.

हॅरिसनचं ते बाळ आता आपल्या गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवर नाचतं. गेल्या खेपेला आजी पुन्हा यायच्या होत्या, तेव्हा त्यांनी स्वतःच शाखेत जाऊन प्रत्येक पानावर शिक्का घेतला आणि मुलीला फोन केला, "नाव बघितलं, तारीख बघितली, साहेबांचं नावसुद्धा वाचता येतंय. अजून काही राहिलंय का गं?"

काही राहिलं नव्हतं. त्या वेळेवर पोचल्या.

नियम आणि शुल्क बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी संबंधित कचेरीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्यावी. काही अडलं तर कार्यक्रमाच्या दिवशी चहाच्या टेबलाजवळ आम्ही असतोच.